माळ्यावरचे लाल कॅलिपर

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या घरात माझ्या एकेका वस्तूवर खटला चालतो. यंदा ४ ऑक्टोबरला माळ्यावरचं एक खोकं खाली आलं. बायको ते उचलायला गेली आणि तिथंच ठेवून म्हणाली, "अहो, यात दगड भरलेत का?"

दगड नव्हते, ब्रेक होते. ब्रेम्बो या ब्रेकच्या कंपनीचे चार-चार पिस्टनचे लाल कॅलिपर, पुढच्या चाकांची जोडी. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडमध्ये दाबून धरणारा चिमटा, आणि पॅड दाबायचं काम पिस्टनचं. २०१६ साली एका ओळखीच्याकडून ३८,००० रुपयांना घेतलेले, तेही वापरलेलेच. तेव्हा घरी किती सांगितले होते ते इथं लिहीत नाही, कारण ती हे वाचते.

ही जोडी विकायला मला दोन महिने लागले. वाटलं होतं फोटो काढायचे, भाव सांगायचा, पैसे घ्यायचे. तसं काही झालं नाही. पुढच्या कुणाची धडपड थोडी वाचावी म्हणून घडलं तसं लिहितोय.

आधी ते माळ्यावर का गेले ते सांगतो. गाडी २०१० ची ऑक्टाव्हिया, डिझेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, माझी १३ नोव्हेंबर २०२५ ला संपत होती. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याच्या आधी फार तर साठ दिवस भरता येतो. मी १८ सप्टेंबरला भरला, फी ५,००० रुपये. मग गाडी नायता मुंडल्याच्या आरटीओत तपासणीला न्यायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करू नये. कॅलिपर त्यात येतात की नाही यावर आम्ही सुपर कॉरिडॉरच्या चहाच्या टपरीवर कित्येक रविवार घालवलेत, पण तोच वाद तपासणीच्या रांगेत घालायची माझी छाती नव्हती. विम्याच्या कागदांवरही हे ब्रेक कधी नोंदवले नव्हते. म्हणून २१ सप्टेंबरला उस्तादच्या गॅरेजात कंपनीचे मूळ कॅलिपर आणि डिस्क परत चढवल्या. २५ ला तपासणी झाली. साडेतीन तास रांग, चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला छाप, विमा, पीयूसी आणि शेवटी "ब्रेक मार के दिखाओ". चाकाच्या आत कुणी डोकावलंसुद्धा नाही.

मग लाल कॅलिपर परत का नाही बसवले? कारण घरी येताना लक्षात आलं की मूळ ब्रेकवर गाडी छान थांबते. आता ती चालतेच किती? ऑफिस, आईचे गुडघ्याचे डॉक्टर, कधीतरी उज्जैन.

आणि खरं सांगायचं तर हे कॅलिपर घेतले होते तेच चुकीच्या निदानावर. २०१६ मध्ये पुण्याला जाताना मानपूरच्या पुढे गणपती घाट उतरत होतो. ट्रकांचे ब्रेक फेल होण्यासाठी तो घाट बदनामच आहे. अर्ध्या उतारावर माझं पेडल एकदम मऊ झालं, जमिनीला टेकायला आलं. पहिल्या गिअरवर रडतखडत खाली आलो आणि ठरवलं, मोठे ब्रेक लावायचे. त्या वेळी ब्रेक फ्लुइड चार वर्षं बदललेलं नव्हतं हे मी कुणाला सांगितलं नाही. डॉट ४ फ्लुइड हवेतली ओल पितं. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. तीन-चारशे रुपयांचं काम होतं. मी कॅलिपर, मोठ्या डिस्क, सतरा इंची रिम, फ्लुइडच्या नळ्यांचे जाळीचे होज असा संसारच मांडला.

५ ऑक्टोबरला अंगणात फोटो काढायला बसलो. रंग दोन ठिकाणी उडाला होता, ब्रेक फ्लुइड सांडलं की रंग सोलतोच. स्प्रेचा लाल डबा आणावा असं मनात आलं. उस्तादला फोन केला तर म्हणाला, "रंग मत लगाना साहब, लोग समझेंगे कुछ छुपा रहे हो." बरोबर बोलला. बाजारात नकली माल इतका आहे की घेणारा रंग बघतच नाही, बॉडीवरचे ओतीव आकडे बघतो. त्या आकड्यांचे जवळून फोटो काढा, पिस्टनचे काढा, पॅडची जाडी फूटपट्टी धरून काढा. डिस्क मी विकायला काढल्याच नाहीत. त्यांच्या कडेवर किमान जाडी २२ मिलिमीटर कोरलेली होती, माझ्या २२.४ ला आल्या होत्या. त्या भंगाराच्या ढिगात.

पॅड मोजताना पहिली शंका आली. डाव्या कॅलिपरमधल्या एका पॅडचं एक टोक ७ मिलिमीटर, दुसरं ४. म्हणजे एखादा पिस्टन अडकत होता. १२ ऑक्टोबरला खोकं घेऊन उस्तादकडे गेलो.

पिस्टन बाहेर काढताना बघण्यासारखं असतं. समोरासमोरच्या पिस्टनांच्या मध्ये लाकडाची फळी धरायची, होजच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा थोडी-थोडी सोडायची, आणि बोटं आत अजिबात घालायची नाहीत. तीन पिस्टन फट् फट् करत फळीवर आदळले. चौथा हलेना. उस्तादनं बाकीच्यांची वाट बंद करून हवा दिली तेव्हा कुरकुरत निघाला. धूळ अडवणारं रबर एका बाजूला फाटलेलं, तिथून पाणी शिरून कडेला करडा गंज धरलेला. आतली चौकोनी सील मात्र मी नीट हातात घेऊन पाहिली. ब्रेक दाबला की ही सील पिस्टनबरोबर जराशी पिळली जाते आणि पाय काढला की परत सरळ होताना पिस्टनला मागे ओढते. एवढं मोठं यंत्र आणि पिस्टन मागे आणायचं काम एका रबराच्या कडीचं! उस्तादचा पोऱ्या सगळं पेट्रोलमध्ये बुडवणार होता, त्याला थांबवलं. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस यांनी ब्रेकची रबरं फुगतात. साबणाचं पाणी, मग ब्रेक फ्लुइड, आणि रबरासाठीचंच ग्रीस वापरायचं.

छोटी ग्वालटोलीत चार दुकानं पालथी घातली, सील किट मिळालं नाही. मुंबईहून मागवलं, २,९०० रुपये. मध्ये दिवाळी आली आणि ते ६ नोव्हेंबरला हातात पडलं.

दरम्यान मी भाव सांगून मोकळा झालो होतो. ब्रॅकेटसकट (कॅलिपर गाडीच्या बोल्टला बसवणाऱ्या पट्ट्या) ३०,०००, पिस्टनची दुरुस्ती करून देणार. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात टाकली, टपरीवरच्या मंडळींना सांगितलं. तिथं पहिलं वाक्य ऐकलं ते जीएसटीचं. २२ सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, मग जुन्याला एवढे कशाला द्यायचे? मुद्दा चूक नव्हता. एकानं विचारलं, "ये कवर हैं या असली?" ब्रेम्बो लिहिलेली प्लास्टिकची लाल टोपी साध्या कॅलिपरवर चिकटवायची फॅशन आहे आपल्याकडे. मी एक कॅलिपर त्याच्या हातात ठेवला. साडेतीन किलोचं उत्तर त्याला पटलं.

१४ ऑक्टोबरला फौजी आला, म्हणजे फोनवर. पोस्टिंग महूला, भाव मान्य, घासाघीस नाही, "अभी पेमेंट भेजता हूँ सर". मग क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. महू आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. म्हटलं, भाऊ, घरी या, चहा घेऊ, माल बघा. फोन बंद. हा प्रकार जुनाच आहे, तरी दिवाळीच्या खर्चाच्या दिवसांत तीस हजार ऐकून माझा अंगठा क्षणभर स्क्रीनकडे गेला होता. कुणाचे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी, २६ तारखेला, एक पोरगा घरी आला. बावीस-तेवीसचा, छोटी हॅचबॅक, पंधरा इंची रिम. खिशात २८,००० रोख. नोटा मोजूनही झाल्या होत्या त्याच्या. मी म्हटलं, आधी चाकात बसतो का बघू. पुठ्ठ्यावर कॅलिपरचा बाहेरचा आकार कापला, हबच्या मध्यापासून अंतर धरून रिमच्या आत फिरवला. (तीनेक मिलिमीटर जागा मोकळी राहायला हवी, चाक बॅलन्स करायला आत चिकटवलेल्या वजनाच्या पट्ट्या विसरू नका.) पुठ्ठा दोन ठिकाणी घासला. पोरगा म्हणाला, "भिया, थोड़ा घिसवा लेंगे." कॅलिपर घासून? त्याला हेही समजावलं की पुढे इतके मोठे पिस्टन आले की जुन्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलच्या दाबानं चालणाऱ्या पंपाला, जास्त फ्लुइड ढकलावं लागतं, पेडल लांब जातं, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो. तो हो-हो म्हणत होता, डोळे लाल रंगावर. शेवटी नाही म्हणालो. चिडून गेला. घरात आलो तर बायको म्हणाली, "लक्ष्मी दारातनं परत पाठवलीत." दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं.

१ नोव्हेंबरला नागपूरहून फोन आला. मराठी ऐकून बरं वाटलं. मुलगा माझ्यासारखीच ऑक्टाव्हिया चालवणारा, रिम सतरा इंची, एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात. पंधरा मिनिटं नेमके प्रश्न विचारले, आणि मग: "काका, ब्रॅकेटची डीपी टेस्ट केली आहे का?" डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट, रंग झिरपवून चिरा शोधायची तपासणी.

मला राग आला. नऊ वर्षं मी त्या ब्रॅकेटवर गाडी चालवली होती. कॅलिपर मूळचे दुसऱ्या गाडीचे, माझ्या गाडीच्या बोल्टला ते बसावेत म्हणून मध्ये बारा मिलिमीटरच्या पोलादी पट्ट्या करून घेतल्या होत्या, सांवेर रोडच्या एका खराद्याकडून, ६,५०० रुपयांत. नमुना मीच दिला होता, पुठ्ठ्याचा. ड्रॉइंग वगैरे काही नाही. "बघतो," म्हणून फोन ठेवला.

८ नोव्हेंबरला शनिवारी मित्राच्या कारखान्यात गेलो. ही तपासणी म्हणजे तीन स्प्रेचे डबे, मला ११५० रुपयांना पडले. पहिल्यानं साफ करायचं. दुसऱ्यात लाल रंगाचं पातळ द्रव असतं, ते मारून पंधरा मिनिटं थांबायचं. चीर असेल तर ते आत झिरपतं. मग वरचा रंग फडक्यानं पुसायचा आणि तिसऱ्या डब्यातली पांढरी पूड मारायची. चिरेतला रंग ती वर ओढून घेते.

पहिली ब्रॅकेट पांढरी शुभ्र राहिली. मी मित्राला म्हणालोही, बघ, उगाच. दुसरीवर पांढरं मारलं, आम्ही चहा घ्यायला वळलो, परत बघितलं तर वरच्या बोल्टच्या भोकाजवळ, जिथं पट्टी काटकोनात वळते, तिथं केसासारखी लाल रेघ उमटली होती. बघता-बघता ती जाड झाली. बारा-तेरा मिलिमीटर लांब. बोटानं पुसली, पुन्हा पूड मारली, पुन्हा आली.

मित्रानं भिंग आणलं. आतला कोपरा धारदार ठेवलेला होता, तिथं गोलाई द्यायला हवी होती. प्रत्येक ब्रेकला सगळा ताण त्याच कोपऱ्यात साठत होता. चहा तसाच राहिला. ही उजव्या चाकाची ब्रॅकेट. मी त्याच गाडीतून आईला पुण्याला नेलं होतं, दोन वेळा, त्याच घाटानं.

घरी काही बोललो नाही. रात्री नागपूरला रेघेचा फोटो पाठवला आणि लिहिलं, ब्रॅकेट देणार नाही, चांगली दिसणारीही नाही, कारण ती त्याच हातची आहे. जाळीचे होजही नाही, ते नऊ वर्षांचे झालेत. फक्त कॅलिपर आणि पॅडच्या पिना. आता किती देशील ते तूच सांग. वाटलं, हा विषय संपला. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "काका, फोटोबद्दल थँक्यू. २०,०००?" मी २२ म्हटलं, २१,००० वर ठरलं. व्यवहार असा: ५,००० लगेच, ११,००० पावतीचा फोटो पाठवल्यावर, ५,००० बसवून बघितल्यावर. अनोळखी माणसांत एवढा विश्वास दोन्हीकडून अर्धा-अर्धा वाटून घेतलेला बरा.

९ तारखेला उस्तादनं नव्या सील टाकून दोन्ही कॅलिपर जोडले, मजुरी ८००. बॉडीचे दोन भाग धरणारे मोठे बोल्ट आम्ही मुद्दाम खोलले नाहीत. मी सगळ्याचा व्हिडिओ काढून पाठवला.

पॅकिंगला ४२० रुपये लागले. फ्लुइड पूर्ण निथळू द्या, भोकांत रबरी बूच मारा, प्रत्येक कॅलिपर वेगळा गुंडाळा, नाहीतर प्रवासात ते एकमेकांना ठोकतात. एका कुरियरच्या काउंटरवर पुठ्ठ्यावर तेलाचा डाग दिसला म्हणून खोकं परत आलं. घरी जाऊन नवं खोकं. १३ नोव्हेंबरला दुसऱ्याकडे गेलो, त्याच दिवशी माझी जुनी नोंदणी संपली हा योगायोग. आधारची प्रत, साध्या कागदावर "वापरलेले वाहनाचे सुटे भाग, किंमत २१,००० रुपये" असं सही करून दिलं. माल ५०,००० च्या आतला, म्हणून ई-वे बिलाची भानगड नाही. किंमत कमी लिहू नका, हरवलं तर त्याहून जास्त मिळत नाहीत. आकारमानाचं वजनही बघतात, लांबी-रुंदी-उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५,०००. माझं खोकं लहान आणि जड, त्यामुळे काट्यावरचं वजनच लागलं. १,२६० रुपये, ते त्यानं दिले. १८ ला पोहोचलं.

मग तीन आठवडे शांतता. तो ड्रॉइंग काढून नव्या ब्रॅकेट करून घेत होता, कोपऱ्यांना गोलाई देऊन, आधी तपासून. ७ डिसेंबरच्या रविवारी संध्याकाळी फोन. "काका, पेडल स्पंजासारखं लागतंय. तीनदा ब्लीड करून हवा काढली."

पोटात गोळा आला. सील फाटली? उस्तादनं काही उलटं बसवलं? ५,००० गेले हे तर धरूनच चाललो, पण अकरा परत द्यावे लागतील का, तो मला काय समजेल, हे सगळं डोक्यात. रात्री व्हिडिओ कॉलवर त्यानं चाक काढून दाखवलं. कॅमेरा कॅलिपरवर गेला आणि मला ब्लीड निपल दिसेनात. "खाली आहेत," तो म्हणाला.

खाली! हवा वर चढते, निपल वर असले तरच ती निघते. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. वर पिस्टनही दोन मापांचे असतात, एक ४० चा, एक ४४ चा, आणि लहान पिस्टन डिस्क जिथून आत शिरते त्या बाजूला यावा लागतो, म्हणजे पॅड सरळ झिजतो. तेही उलटं झालं. तो म्हणाला, "पण काका, तुम्ही टेपवर एल आणि आर लिहिलंय." लिहिलं होतं, गाडीच्या समोर उभं राहून. माझ्या डाव्या हाताला जो होता तो एल.

बराच वेळ कुणी बोललं नाही, मग तो हसला. मी नाही हसलो. सोमवारी रात्री त्यानं बाजू बदलल्या, नव्या तांब्याच्या वॉशर घातल्या, पुन्हा ब्लीड केलं. एका वाक्याचा मेसेज आला, "आता दगडासारखं आहे", आणि मागोमाग ५,०००. जास्तीच्या फ्लुइडचे पैसे पाठवतो म्हटलं तर घेईना. तुम्ही विकाल तेव्हा टेपवर एल-आर लिहू नका. ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड लिहा, गॅरेजात लिहितात तसं, आणि निपलजवळ वर दाखवणारा बाण काढा.

हिशेब: आले २१,०००. सील किट, मजुरी, तपासणीचे डबे आणि पॅकिंग मिळून ५,२७० गेले. हातात १५,७३०. त्यातले दहा आईच्या गुडघ्याच्या खात्यात, बाकीच्यांचं काय झालं ते बायकोला माहीत आहे.

राहिल्या दोन ब्रॅकेट आणि डिस्क. भंगारवाला दर रविवारी गल्लीत येतो. डिस्क त्याला तशाच दिल्या असत्या, पण ब्रॅकेट त्याच्या ढिगातून कुणा दुसऱ्याच्या गाडीखाली जाऊ शकते हे सुचल्यावर १४ डिसेंबरला उस्तादकडून ग्राइंडर आणला आणि दोन्ही मधोमध कापल्या. चीर गेलेली लवकर तुटेल असं वाटलं होतं. तिलाही तेवढाच वेळ लागला.